मिस लोलाची दाढ

"जड होते का गं मी आज?"

हे मी अक्काला रोज विचारायची, प्रत्येक खेळाला. तंबूच्या मधोमध, बँड थांबून नुसता ड्रम घुमत असताना, काखेखालून आवळलेल्या पट्ट्याला लोंबकळत हळूच विचारायची, आणि अक्का कधी उत्तर द्यायची नाही. देणार कशी? ती वर झुल्याला गुडघे अडकवून उलटी लटकलेली, तिच्या दातांत चामड्याचा जाड तुकडा, त्या चामड्याला फिरती कडी, कडीला माझा पट्टा आणि पट्ट्यात मी. तिनं नुसतं 'हूं' करायला तोंड उघडलं असतं तरी माझा निकाल लागला असता. म्हणून तर विचारायची. जमिनीवर अक्काची चेष्टा करायची कुणाची टाप नव्हती. मला तेवढी एकच जागा सापडली होती.

बार्शीला त्या दुपारी मी विचारलं, आणि वरनं आवाज आला. बोलल्याचा नव्हे. वाळक्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा, कच्. पाठोपाठ पट्ट्याला हिसका बसला आणि मी बोटभर खाली आले.

बोटभर म्हणजे काय, हे जमिनीवर उभ्या असलेल्याला नाही कळायचं. मला मान वर करून बघावंसं वाटलं. पण खालचीनं वर बघायचं नाही आणि वरचीनं खाली बघायचं नाही, हा अक्काचा कायदा. मान हलली की वजन हलतं. मी नाकासमोर बघत राहिले. तेवढ्यात कडीनं फिरकी घेतली, मी गरगरायला लागले आणि लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. आमच्याखाली जाळी नसायची. जाळी झुलेवाल्यांना. दाताच्या कामाला जाळी लावली तर लोक श्वास कशाला रोखून धरतील, असं मालकांचं म्हणणं.

उतरल्यावर दोघींनी हातात हात धरून वाकून नमस्कार केला. वाकतानाच अक्का रिंगणातल्या भुशात थुंकली. थुंकी लाल होती.

"काय झालं गं?"

"काय व्हायचंय? हस. लोक बघतायत."

पोस्टरवर आमची नावं मिस लोला आणि मिस लिली. खरी नावं गोदावरी आणि वत्सला, गाव तासगावच्या अलीकडं. पण तासगावची वत्सला हवेत लटकते म्हटल्यावर तिकीट कोण काढणार? आई-बाप लवकर गेले आमचे. मामाच्या घरची उष्टी काढण्यापेक्षा अक्का सर्कशीत आली, आणि मी जरा हातापायानं सुटी झाले तशी मलाही घेऊन आली. मामाचा निरोप दर दिवाळीला यायचा, की वच्छीला परत पाठव, तिच्यासाठी एक बिजवर बघून ठेवलाय, दोन लेकरांचा बाप आहे पण घरची मोट आहे. मी त्या बिजवराला एकदा पाहिलं होतं. त्याची मोट त्यालाच लखलाभ.

तर गोष्ट अशी होती, की अक्काचे दात होते म्हणून आयटम होता, आणि आयटम होता म्हणून आम्हाला राहुटी होती. सर्कशीत बसवून कुणी कुणाला जेवायला घालत नाही. दात गेले की आम्ही दोघी मामाच्या दारात, आणि मी तिथनं थेट बोहल्यावर. मला तर हवेतच राहायचं होतं. जमिनीवर मला दहा मिनिटं स्वस्थ बसवत नसे, अजूनही बसवत नाही. सुना म्हणतात, आत्याबाई, पायाला भिंगरी आहे का तुमच्या? असेल बाई.

संध्याकाळचा खेळ त्या दिवशी नव्हता, गावात कुठल्या पुढाऱ्याची सभा होती. राहुटीत शिरल्या शिरल्या मी अक्काच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आ कर."

"कशाला?"

"आ कर म्हणते ना."

"तू माझी सासू काय गं?" अक्का म्हणाली आणि ट्रंकेवर बसून पायातले मोजे काढायला लागली.

मी जन्माची फाटक्या तोंडाची. सुरू झाले. "दिवाळीपासनं जेवण निम्म्यावर आणलंयस. भाकरी दुधात कुस्करून गिळतेस. येता-जाता दाढेत लवंग धरतेस. मला काय आंधळी समजतेस?"

"लवंग नाकाला कळते, डोळ्याला नाही."

"दाढ मोडली ना तुझी?"

तिनं दुसरा मोजा काढला, उलटा केला, झटकला. "मोडली नाही. चिरलीय."

"म्हणजे उद्या मी चिरलेल्या दाढेला लटकायचं?"

"उद्याचं उद्या. आधी मागं जा, पोतं उचल."

हे पोत्याचं एक खूळ होतं तिचं. राहुटीमागं बुटक्या दांड्याला गुडघ्यांनी उलटं लटकायचं, फडक्याची वळी दातांत धरायची आणि वळीला बांधलेलं वाळूचं पोतं उचलायचं. उचलून शंभर म्हणेपर्यंत धरायचं. मान पक्की होते म्हणे. पोत्यात दर बाजाराच्या दिवशी ती स्वतःच्या ओंजळीनं वाळू टाकायची. खालचीला पक्की मान कशाला लागते, असं मी विचारलं की म्हणायची, "तुझी बोलताना फार हलते म्हणून." तिची दाढ चिरलेली, माझा जीव त्या दाढेवर, आणि हिला पोतं सुचतंय. मी रागारागानं जाऊन पोतं उचललं, शंभरच्या जागी दोनशेपर्यंत धरलं आणि आदळलं. राहुटीच्या फटीतनं ती बघत होती.

"उद्या सकाळी वेणीफणी करून तयार राहा," ती म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडं जायचंय."

ऐकून मला जरा बरं वाटलं. निदान इलाज तरी करून घेतेय, म्हटलं.

डॉक्टर आवट्यांचा दवाखाना कापडपेठेत एका दुकानाच्या माडीवर होता. डॉक्टर पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलताना चष्म्यावरनं बघायची सवय. खिडकीपाशी ती मागं कलणारी खुर्ची आणि शेजारी पायानं चालवायचं यंत्र, शिवणयंत्रासारखंच, फक्त सुईच्या जागी टोकदार सळई. मी त्या सळईकडं बघितलं आणि अक्काची कीव आली.

"कुणाचं दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं. "आधी हिचे बघा."

"माझे? माझं काही दुखत नाही. दुखतंय हिचं, डॉक्टरसाहेब, हिची दाढ चिरलीय."

"वच्छे, बस."

जमिनीवर तिच्या त्या आवाजापुढं माझं काही चालायचं नाही. बसले. डॉक्टरांनी आरसा तोंडात घातला, एकेका दातावर बारीक ठोकत गेले. "मशेरी नाही, सुपारी नाही. छान. पोलादी दात आहेत मुलीचे." मग आरसा एका जागी थांबला. "इथं खालच्या दाढेत मात्र काळा ठिपका आहे. कीड शिरलीय. आत्ताच शिरलीय."

"दुखत नाही म्हटलं ना," मी तोंडात आरसा असतानाच म्हटलं.

"दुखायला लागल्यावर येतात ते उशिरा येतात."

"भरा," अक्का म्हणाली. "पक्की भरा."

ते यंत्र पायानं हाणायला लागले. कर्र कर्र असा आवाज माझ्या कवटीत घुमायला लागला. सबंध तंबूच्या उंचीवर मी कधी डोळे मिटले नव्हते, पण त्या खुर्चीत मिटले. यंत्र थांबलं तेव्हा उघडले. किडलेलं कोरून झाल्यावर डॉक्टरांनी खलात चांदीची भुकटी आणि पारा घोटला, दाढ कापसानं कोरडी केली आणि तो लगदा थोडा थोडा करून आत दाबला. दाबताना त्यांच्या कपाळाची शीर फुगलेली दिसत होती. ती चांदी अजून माझ्या तोंडात आहे. बाकीचे दात एकेक करून गेले, ती दाढ तेवढी राहिलीय.

"उद्यापर्यंत या बाजूनं काही चावायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "चांदी आळायला दिवस लागतो. मग खुशाल ऊस सोलून खा."

मी उठले. अक्का बसली. तिच्या तोंडात आरसा गेल्यावर मात्र डॉक्टरांनी एकाच जागी ठोकलं, पुन्हा ठोकलं. अक्का हूं की चूं करत नव्हती, डोळ्यांतनं पाणी तेवढं कानाकडं ओघळत होतं.

"ही उभी चिरलीय, बाई. शेजारच्या दोन्ही हलतात. तुम्ही काय करता दातांनी?"

"भरली तर राहील का?"

"भरून बघता येईल. जपून खाल्लंत तर राहीलही."

"आणि माणूस टांगला तर?"

डॉक्टर हसले. मग तिच्याकडं बघून हसायचे थांबले. मी सांगून टाकलं, आम्ही सर्कशीतल्या, ही वरनं मला दातांनी धरते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"चांदी चावायला भरतात हो," शेवटी म्हणाले. "भिंतच तडकलीय. वरनं गिलावा केला म्हणून तिच्यावर तुळई ठेवता येत नाही."

"आणि हिची भिंत?"

"हिची शाबूत आहे. ठिपका होता तेवढा गेला."

"मग माझी काढा," अक्का म्हणाली.

दाढ काढायची म्हणजे विषय मिटला. तडकलेली का असेना, तोंडात होती तोवर काही सांगता आलं असतं, विश्रांती घेते म्हणून महिनाभर मालकांना खेळवता आलं असतं. "अक्का, नको ना गं," मी म्हटलं. "भरून बघू. डॉक्टर म्हणतायत ना बघू म्हणून."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "काढा डॉक्टरसाहेब."

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आतनं काही ऐकू आलं नाही, आणि तेच मला सहन होईना. पुन्हा आत आले तेव्हा अक्काच्या गालात कापसाचा बोळा होता आणि ती कमरेच्या पिशवीतनं सर्कशीचे दोन पास काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवत होती. बोळ्याआडून म्हणाली, "उजा या." उद्या या. पुढच्या खुर्च्यांचे पास होते. कसला खेळ बघायला बोलावतेय ही बाई, मला कळेना.

तंबूकडं परतताना मी तिच्या एकदा डावीकडनं चालायची, एकदा उजवीकडनं. माझी जीभ सारखी त्या नव्या चांदीवर जात होती. चालता चालता डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला आणि मी रस्त्यातच थांबले.

"मला घरी पाठवणार आहेस."

अक्का चालत राहिली.

"म्हणून माझे दात दाखवलेस. मुलगी दाखवायच्या आधी दात नीट करून घेतात. त्या बिजवराला सांगायला बरं, मुलीच्या तोंडात कीड नाही म्हणून. हो ना?"

तिनं गालातल्या कापसाकडं बोट दाखवलं. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, असं.

"मान हलवायला कापूस आड येत नाही. हो की नाही, एवढं सांग."

तिनं मान ना उभी हलवली ना आडवी. उलट गाल सुजलेला असून हसली, अर्ध्या तोंडानं. माझ्या अंगाची आग आग झाली. रस्ताभर मी तिला काय काय बोलले ते आता सांगवत नाही. ती मुकाट ऐकत चालली होती, कारण तिला दुसरा इलाजच नव्हता.

दुपारचा खेळ त्या दिवशी नव्हता. संध्याकाळच्या खेळाआधी मालक राहुटीत आले. म्हेत्रे मालक माणूस वाईट नव्हते, पण आयटम चुकला की त्यांना माणूस दिसायचा बंद व्हायचा. अक्काचा गाल बघितला आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"हे काय, गोदाबाई?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं. म्हणजे मी बोलायचं. "दाढ काढलीय," मी म्हटलं.

"काढली? मग आज दाताचं काम?"

अक्कानं हातानंच सांगितलं, आज नाही. मग बोट पुढं नेऊन दाखवलं, उद्या.

"उद्या काय? उद्या नवी दाढ उगवणारे का?"

अक्कानं पुन्हा तेच बोट पुढं केलं. उद्या. आणि छातीवर हात ठेवला, म्हणजे माझ्यावर सोडा.

"उद्या सभागृह भरलेलं आहे," मालक म्हणाले. तंबूला ते सभागृह म्हणायचे. "पोस्टरवर लोला आहे. उद्या लोला वर गेली नाही तर परवा तुमच्या ट्रंका मी स्वतः स्टेशनवर पोचवीन. मला वाईट वाटेल, पण पोचवीन."

ते गेल्यावर मी अक्काकडं वळले. "उद्या काय करणार आहेस? हिरड्यांनी धरणार मला?"

ती ट्रंकेतनं माझा पट्टा काढून बसली होती. तोच, मी काखेखालून बांधायची तो. दोऱ्याचे टाके एकेक करून उसवत होती. माझा पट्टा, मी इतकी वर्षं ज्याच्यात लटकले तो, ती माझ्यासमोर उसवत होती. बकल तरी विकता येईल म्हणून असेल, मला वाटलं. मी तिच्या हातातनं तो ओढला. तिनं तितक्याच जोरानं परत ओढून घेतला आणि दाराकडं बोट केलं. बाहेर.

पोत्याकडं मी बघितलंही नाही. भरलेल्या दाढेनं उचलायचं नव्हतंच, पण नसती भरली तरी नसतं उचललं. बाहेर जाऊन तंबूभोवती फेऱ्या मारल्या. घोड्यांपाशी गेले, घोड्यांना कंटाळून स्वयंपाकाच्या चुलीपाशी गेले, तिथं कुणीतरी विचारलं तुमचा आयटम नाही का आज, की तिथनं निघाले. आत बँड वाजत होता. आमच्या वेळेला आमची धून वाजली नाही, मोटारसायकलवाल्याची वाजली. मला रडू यायला पाहिजे होतं, पण नुसता संताप येत होता. दुसऱ्या सर्कशीत पळून जायचं, एवढं मी मनाशी पक्कं केलं. पण खालचीला एकटीला कोण घेणार? खालचीला लटकायला वरची लागते.

सकाळ उजाडली तरी आम्ही एकमेकींशी बोललो नाही. दुपारच्या खेळाआधी मी ट्रंकेकडं पाठ करून बसले होते. कपडे घालायचे की नाही तेही ठरत नव्हतं.

"वच्छे," अक्का म्हणाली. कापूस निघाला होता, आवाज जड होता. "भरलेल्या बाजूला दुखतंय का?"

"तुला काय करायचंय?"

"दुखतंय का?"

"नाही."

"मग हे चाव." तिनं माझ्यापुढं काहीतरी धरलं. चामडं होतं. तिचं नव्हे. तिचं काळं पडलेलं होतं. हे नवं, तांबूस, तेल पाजलेलं, कडीसकट. मी न विचारता तोंडात धरलं, आणि माझे वरचे-खालचे सगळे दात त्यातल्या खळग्यांत बरोब्बर जाऊन बसले. एकेका दाताला त्याची त्याची जागा होती.

मग आठवलं. कोल्हापूरला, दिवाळीआधी, तिनं भिजवलेलं चामडं आणून माझ्या तोंडात कोंबलं होतं. म्हणाली होती, जोरात चाव, बघू तुझ्यात किती दम आहे. मी मस्करी समजून चावलं होतं.

मी चामडं तोंडातनं काढलं.

"वर तू," अक्का म्हणाली. "खाली मी. पट्टा मोठा केलाय माझ्या मापाचा."

"मी तुला धरू?"

"धरतेसच की रोज. पोत्यात काय आहे, सांग."

"वाळू."

"मिरजेच्या माल धक्क्यावर काट्यावर घातलं होतं ते पोतं. मलापण घातलं. पोतं माझ्याहून थोडं कमी भरलं."

"मग?"

"मग काय. भाकरी कमी केली." ती सहज म्हणाली, वेणीला रिबन बांधता बांधता. "दाढ दुखत होतीच. एका कामात दोन कामं."

मी तिच्याकडं बघत बसले. गालाची हाडं वर आलेली, गळ्याखाली खळगे पडलेले. दिवाळीपासनं मी रोज तिच्यासमोर दोन-दोन भाकऱ्या चापत होते आणि ती दुधात चतकोर कुस्करत होती, आणि मला वाटायचं दाढ दुखतेय.

"सांगितलं का नाहीस? काल मी तुला काय काय बोलले."

"काल सांगितलं असतं तर तू चांदी आळायच्या आत मला चावून खाल्लं असतंस," अक्का म्हणाली. "आणि रात्रभर घाबरली असतीस. उठ, कपडे घाल. आणि एक ध्यानात ठेव, तोंड उघडायचं नाही. तुला तेवढंच अवघड जाईल."

मी उठून कपडे चढवायला लागले. मला वर जायचं होतं, जन्मभर वर जायचं होतं, पण असं नाही. तिला खाली घेऊन नाही. खाली लटकताना मी कधी भ्यायले नव्हते, कारण वर अक्का होती. आता वर कोण होतं? मीच.

आमची धून वाजली. आम्ही पळत रिंगणात गेलो, हात वर केले. मालक पडद्यापाशी उभे होते. मी दोराच्या शिडीनं आधी वर गेले तेव्हा त्यांचं तोंड उघडं राहिलेलं मला दिसलं. झुल्याला गुडघे अडकवले, अंग सोडलं, तंबू उलटा झाला. पुढच्या खुर्च्यांत डॉक्टर आवटे बायकोला घेऊन आले होते. माझ्या दातांत चामडं बघितलं आणि ते खुर्चीतनं उठून उभेच राहिले. बायको त्यांचा सदरा धरून ओढत होती, तरी बसेनात.

अक्का शिडीवर माझ्याजवळ आली. पट्टा कडीत अडकवला, ओढून बघितला. तिचे हात गार होते. इतक्या जवळनं मी तिचं तोंड कधी असं उलटं पाहिलं नव्हतं. तिनं शिडी सोडली.

वजन आलं. मानेत, जबड्यात, कानामागं आलं. चांदीवर चामडं दाबलं गेलं आणि दाढेतनं एक गार कळ मेंदूपर्यंत गेली. गेली आणि थांबली. चांदी हलली नाही. पोतंच होतं ते, रोजचंच, ओळखीचं, एक ओंजळ इकडं ना तिकडं. फक्त पोतं श्वास घेत नव्हतं आणि हे घेत होतं.

बँड थांबला. ड्रम घुमायला लागला.

वरचीनं खाली बघायचं नाही, हा कायदा मी मोडला. खाली अक्काचा भांग दिसत होता, मधोमध, आणि भांगाच्या दोन्ही अंगांना पिकलेले केस. एवढे पिकलेत हे मला माहीत नव्हतं. ती कधी खाली नव्हतीच. सबंध आयुष्यात तिला कुणी धरलंच नव्हतं. तिचे दोन्ही हात पट्ट्यावर घट्ट आवळलेले होते, बोटांची पेरं पांढरी झालेली, आणि मला म्हणायची हात मोकळे सोड, पाखरासारखे.

"वच्छे," खालनं आवाज आला. हळू, ड्रमच्या आड, फक्त मला ऐकू येईल असा. चेष्टेचा नव्हता. आवाज कापत होता.

"जड होते का गं मी?"

नाही, अक्का. अजिबात नाही. माझ्या घशापर्यंत आलं ते आणि तिथंच राहिलं. तोंड उघडायची सोय नव्हती. डोळ्यांतनं पाणी आलं, ते उलटं कपाळावरनं केसांत गेलं. दुसरं काय करता येत होतं? मी चामडं होतं त्याहून घट्ट चावलं.

कडीनं फिरकी घेतली, अक्का माझ्याखाली गरगर फिरायला लागली, आणि मला कळलं, की इतकी वर्षं मी विचारत होते तेव्हा ती मला रोज उत्तर देत होती.